मन कोणत्या वळणावर बदलतं?

१९५२ साली पॉल-आंरी शोंबार द लोव या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने पॅरिसवरच्या आपल्या पुस्तकात एक नकाशा छापला. शहराच्या सोळाव्या विभागात राहणारी एक विद्यार्थिनी वर्षभरात कुठे कुठे गेली, त्या प्रत्येक फेरीची रेघ त्यावर ओढलेली होती. रेघेवर रेघ चढत गेली आणि शेवटी ठळक असा एक लहान त्रिकोण उरला. त्याची तीन टोकं म्हणजे घर, कॉलेज आणि पियानोची शिकवणी. चार वर्षांनी गी दबोर या तरुण लेखकाने या नकाशाचा दाखला दिला तो संतापाने. एवढ्या मोठ्या शहरात राहून एखाद्याचं जगणं इतकं आखूड असावं, हे त्याला सहन होत नव्हतं. मुंबईतल्या नोकरदाराने आपल्या वर्षाचा असा नकाशा काढला तर बहुधा त्रिकोणही निघणार नाही. घर ते स्टेशन, स्टेशन ते ऑफिस अशी एक जाड रेघ, तिला रविवारी फुटणारा एखादा फाटा, आणि बाकीचं शहर कोरं. शहर पायी पाहायचं मनात असेल तर सुरुवात इथूनच करा. एका कागदावर गेल्या महिन्याच्या आपल्या रेघा काढा. कोरा भाग किती उरतो ते पाहिलं की पुढचा खटाटोप कशासाठी, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

दबोर आणि त्याच्या मित्रांनी सुचवलेला उपाय वरकरणी पोरकट होता. कामधाम, खरेदी, भेटीगाठी बाजूला ठेवायच्या आणि दिवसभर शहरात पायी भटकायचं. मात्र भटकताना लक्ष ठेवायचं, की रस्ता आपल्याला कुठे ओढून घेतो, कुठे परतवून लावतो आणि मनाचा नूर नेमका कुठे पालटतो. त्यांच्या लक्षात आलं की हा पालट हळूहळू होतोच असं नाही. कित्येकदा काही मीटरांत सगळं वातावरण बदलतं, आणि या बदलाच्या सीमा सरकारी नकाशावरच्या हद्दींशी जुळत नाहीत. १९५७ मध्ये दबोरने आस्गर योर्न या डॅनिश चित्रकाराच्या साथीने पॅरिसचा छापील नकाशा कापला, त्याचे तुकडे सुटे सुटे मांडले आणि लाल बाणांनी जोडले. पायी फिरणाऱ्याच्या मनात शहर असंच असतं, तुकड्यातुकड्यांचं. या मंडळींचं राजकारण पटलंच पाहिजे असं नाही (त्यांच्या जाहीरनाम्यांतला आवेश आज पानापानाला दमवतो), पण त्यांनी धरलेला धागा पक्का आहे. शहरात चालताना आपल्याला जे वाटतं, त्याचा बराच भाग रस्त्याच्या घडणीतून येतो. रुंदी, सावली, दारं, वाहनांचा वेग, बसायची जागा या गोष्टी मनावर काम करत असतात. त्यांचं काम पाहता येतं, पडताळता येतं, आणि त्यासाठी पायांएवढं भरवशाचं दुसरं साधन नाही.

यावरची पहिली हरकत ठरलेली असते. मन आपलं, भावना आपली. घरी भांडण झालेल्या माणसाला मरीन ड्राइव्हही उदास वाटेल आणि पगार झालेल्याला चेंगराचेंगरीतही गाणं सुचेल. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डोनाल्ड अ‍ॅपलयार्ड या नगररचनाकाराने सॅन फ्रान्सिस्कोतल्या, एरवी सारख्याच दिसणाऱ्या तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांना प्रश्न विचारले. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २,००० वाहनं जात, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना आपल्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकही धड नव्हता. 'तुमचं घर कुठपर्यंत?' या अर्थाच्या प्रश्नावर पहिल्या रस्त्यावरच्या लोकांनी जवळजवळ अख्खा रस्ता दाखवला, तिसऱ्यावरचे आपल्या दाराच्या आत सरकले होते. तिन्ही ठिकाणी भांडणारी आणि पगार झालेली माणसं असणारच. फरक केला तो रस्त्याने. २०११ मध्ये न्यूयॉर्कला कॉलिन एलार्ड या मानसशास्त्रज्ञाने चालणाऱ्यांच्या त्वचेवरच्या विद्युत बदलांची नोंद घेतली. एका मोठ्या दुकानाच्या लांबलचक सपाट दर्शनी भागासमोर लोकांचं शरीर जणू मिटलं होतं आणि मनालाही तिथे कंटाळवाणं वाटत होतं. थोड्याच अंतरावर लहान लहान दुकानं आणि खाणावळी होत्या, तिथे तीच मोजमापं वर गेली.

इथे एक सावधगिरी हवी. निसर्गात चालावं, शहर मनाला घातक, असा निष्कर्ष हल्ली फार सहज काढला जातो, आणि त्यासाठी बहुतेकदा स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाकडे बोट दाखवलं जातं. त्यात काही जणांना झाडा-गवताच्या परिसरात आणि काहींना शहरात ९० मिनिटं चालायला लावलं होतं. पहिल्या गटातल्यांच्या डोक्यातला नकोशा विचारांचा भुंगा कमी झाला, दुसऱ्यांचा नाही. पण दुसरा गट जिथे चालला तो अनेक पदरी, गजबजलेला मोटाररस्ता होता. म्हणजे तुलना झाली ती माळरान आणि हमरस्ता यांची. वाडी, बाजार, कमानींची वाट, समुद्राचा कठडा हे त्या प्रयोगात नव्हतेच. शहर ही एकच एक चीज धरून तिला चांगलं-वाईट ठरवणं म्हणजे जेवण न चाखता 'स्वयंपाक कसा असतो' यावर मत देणं आहे.

तेव्हा प्रत्यक्ष चालायला लागू. उदाहरणाला दक्षिण मुंबईची एक फेरी घेतो, कारण इतक्या थोड्या अंतरात इतके निरनिराळे तुकडे क्वचितच कुठे सापडतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून दादाभाई नौरोजी रोडने हुतात्मा चौक, तिथून ओव्हल मैदान पार करून चर्चगेट, मग मरीन ड्राइव्हने गिरगाव चौपाटी, आणि परत येताना खोताची वाडी, ठाकुरद्वार, काळबादेवी, क्रॉफर्ड मार्केट असं वर्तुळ. अंतर सात-आठ किलोमीटर. निघण्यापूर्वी एक नियम करा, की 'छान वाटलं', 'कसंतरी वाटलं' असे शब्द वहीत लिहायचे नाहीत. त्यांच्याऐवजी शरीर काय करतंय ते लिहायचं. पाऊल मंदावलं की झपाझप पडायला लागलं? नजर वर आहे, समोर आहे की पायांखाली? सोबत्याशी बोलताना आवाज चढवावा लागतो का? हात पर्सवर किंवा खिशावर गेला का? कुठे टेकावंसं वाटलं, आणि तिथे टेकायला जागा होती का? अशा नोंदींमध्ये आपल्या त्या दिवसाच्या मनःस्थितीची भेसळ कमी होते. दुसऱ्या कुणाच्या नोंदींशी त्या ताडून पाहता येतात, हा आणखी एक फायदा.

दादाभाई नौरोजी रोडवर पहिली गोष्ट जाणवेल ती डोक्यावरचं छत. हा रस्ता हॉर्नबी रोड होता तेव्हाच इथल्या इमारतींनी तळमजल्याला कमानी काढून आतून चालायची वाट ठेवली. इमारती निरनिराळ्या धाटणीच्या, निरनिराळ्या मालकांच्या. पण वाट सलग. उन्हातून कमानीखाली शिरताच खांदे सैल पडतात, आणि मग खांब, फेरीवाले, दुकानांच्या पायऱ्या यांतून वाट काढताना चाल तुटक होते. फेरीवाल्यांवर चिडणाऱ्यांची तक्रार अर्धी रास्त आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पादचाऱ्याला किमान १.८ मीटर मोकळी वाट मिळायला हवी, आणि ती इथे पुष्कळ ठिकाणी मिळत नाही. पण याच वाटेवर सुट्टीच्या दिवशी, सगळं बंद असताना चालून पाहा. मोकळी वाट मिळते, आणि तरीही अनेकांची, विशेषतः बायकांची पावलं इथे वेगाने पडतात, कारण कमानीच्या अंधाराकडे पाहणारं कुणी उरलेलं नसतं. जेन जेकब्ज यांनी १९६१ च्या पुस्तकात रस्त्यावरच्या डोळ्यांचं महत्त्व सांगितलं ते हेच. वाट अडवणारा आणि वाटेवर लक्ष ठेवणारा माणूस इथे पुष्कळदा एकच असतो, म्हणून हा प्रश्न नुसतं 'हटवा' म्हणून सुटत नाही.

हुतात्मा चौकात दुसरा पेच उभा राहतो. कारंजं १८६४ चं, दगडी, देखणं. शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक. मराठी वाचक इथे उभा राहतो तेव्हा त्याच्या मनात १९५५-५६ चा गोळीबार असतो, परदेशी प्रवाशाच्या मनात तो नसतो. मग भावना जागेची की माहितीची? दोन्हींची, असं म्हणणं भाग आहे. जागेची घडण थांबायला लावते किंवा लावत नाही. थांबलेल्या माणसाला आठवण काय द्यायची ते देते. या चौकातल्या रहदारीतून स्मारकापर्यंत जाणं आणि तिथे दोन मिनिटं उभं राहणं किती सहज होतं, हे पाहिलं तर स्मरणालाही पादचारी मार्ग लागतो हे पटेल. हाच चौक संध्याकाळी सहाला पाहणंही मोलाचं आहे. त्या वेळी ऑफिसं सुटतात आणि माणसांचा लोंढा दोन्ही स्टेशनांकडे वळतो. लोंढ्याबरोबर चालताना गर्दी जाणवतही नाही. मग वळून त्याच्या उलट पन्नास पावलं चाला. तीच माणसं, तोच रस्ता, आणि सगळं अंग आक्रसून येतं.

तिथून पश्चिमेला दोन-तीन मिनिटांत ओव्हल मैदान येतं, आणि दबोरला अभिप्रेत असलेला झटक्यात होणारा पालट म्हणजे काय, ते इथे कळतं. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या काळात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, मोकळी जागा हाती आली, आणि तिच्या कडेने हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर उभे राहिले. समोरच्या बाजूच्या आर्ट डेको इमारती १९३०च्या दशकाच्या आसपासच्या. या दोन रांगांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पण चालणाऱ्याच्या दृष्टीने खरी करामत त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेची. मैदानातून जाणाऱ्या पायवाटेवर आलात की नजर आपोआप वर जाते, आवाज खाली येतो. घाईत चर्चगेट गाठणारेही चेंडूकडे पाहत चालतात. इथे कुणी काही विकत नाही, काही सांगत नाही. एवढ्या महागड्या जमिनीच्या मधोमध काहीही न बांधण्याचा निर्णय मनाला किती देतो, याचा हिशेब पालिकेच्या कुठल्या ताळेबंदात धरला जात असेल असं वाटत नाही.

मरीन ड्राइव्हबद्दल फार लिहायची गरज नाही, तो सगळ्यांना ठाऊक आहे. एवढंच पाहा, की डाव्या कानाला समुद्र आणि उजव्या कानाला गाड्या असताना लोक कठड्यावर कुठे तोंड करून बसतात. चौपाटीवरून आत गिरगावात शिरलात की मात्र चाल मंद करा. हमरस्त्यावर हॉर्न, बस, मेट्रोचं नवं स्थानक, आणि एका गल्लीत वळून खोताची वाडी आली की लाकडी जिने, कौलारू छपरं, ओटे, कुंड्या, दारात बसलेली माणसं. इथे आपलं बोलणं आपोआप कुजबुजीवर येतं, कारण वाट आणि कुणाचं तरी घर यांच्यात जेमतेम एक पायरी असते. हाच या जागेचा गोडवा आणि हीच तिची अडचण. येणाऱ्याला हायसं वाटतं, राहणाऱ्याच्या मात्र खिडकीत कॅमेरे डोकावतात. अशा ठिकाणी फोटो काढायचा नाही, ओट्यावर बसायचं नाही, आणि घोळक्याने तर मुळीच जायचं नाही. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत किंवा बुरूड आळीत जाणाऱ्यांनाही हेच लागू. लोक तिथे काम करत असतात, देखावा मांडून बसलेले नसतात. पुढे काळबादेवीत गर्दी पुन्हा अंगावर येते, पण हायवेवरच्या गर्दीसारखी नाही. तिथे दर दहा पावलांवर एक दार, एक वस्तू, एक हाक असते, त्यामुळे मन दमतं पण विटत नाही. हाच फरक एलार्डच्या प्रयोगात दिसला होता. नव्या टॉवरच्या लांबच लांब कंपाउंड भिंतीलगत पाच मिनिटं चाललात की त्याची दुसरी बाजूही कळेल.

हा रिकामटेकड्या, परदेशी शौकाचा प्रकार आहे, ही हरकत मी गंभीरपणे घेतो, पण तिच्यातला 'परदेशी' हा भाग टिकत नाही. बोदलेरने गर्दीत रमणाऱ्या भटक्यावरचा आपला प्रसिद्ध निबंध १८६३ मध्ये छापला. त्याच वर्षी गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' प्रसिद्ध झालं, आणि १८६८ मध्ये ना. वि. जोशी यांचं 'पुणें शहराचें वर्णन'. शहर निरखून लिहिण्याची सवय मराठीला उसनी घ्यावी लागलेली नाही. 'रिकामटेकडा' हा भाग अधिक बोचरा आहे. या शहरांत पायी चालणारे बहुसंख्य लोक हौसेने चालत नाहीत. रिक्षाचे पैसे वाचवायला, बस आली नाही म्हणून चालतात. त्यांना भटकंतीचा उपदेश करणं हा आगाऊपणा ठरेल. पण रस्ता मनाशी काय करतो हा प्रश्न सर्वांत जास्त त्यांचाच आहे, कारण त्यांना तो रस्ता टाळता येत नाही. ज्याला टाळता येतो त्याने तो एकदा तरी मुद्दाम चालून पाहावा, एवढंच म्हणणं आहे.

आणखी एक हरकत बायकांची, आणि ती हरकत नसून दुरुस्ती आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'व्हाय लॉइटर?' या मुंबईवरच्या पुस्तकात दाखवून दिलं आहे, की बाईला रस्त्यावर असण्यासाठी काहीतरी कारण दाखवावं लागतं. पिशवी, फोन, घाईची चाल, यांतलं काही नसेल तर ती नजरेत येते. म्हणजे निरुद्देश भटकण्याची जी मोकळीक दबोरने गृहीत धरली, तीच इथे सारखी वाटलेली नाही. म्हणून एकट्या पुरुषाने काढलेला मनाचा नकाशा अपुरा समजावा. दबोरनेच दोन-तीन जणांच्या लहान गटांना पसंती दिली होती, वेगवेगळ्यांची निरीक्षणं ताडता यावीत म्हणून. आपण तो गट विचारपूर्वक करावा. त्यात एक बाई, एक सत्तरीचं माणूस, जमल्यास एक आठ-दहा वर्षांचं मूल. फेरी संपल्यावर बोलण्याआधी प्रत्येकाने स्वतंत्रपणे, आठवणीतून नकाशा काढायचा. केव्हिन लिंच यांनी बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांकडून असे नकाशे काढून घेतले आणि १९६० मध्ये त्यावर 'द इमेज ऑफ द सिटी' लिहिलं. आपल्याला पुस्तक लिहायचं नाही. चार कागद शेजारी ठेवले की पुरे. जिथे चौघांचीही चाल बदलली ती जागा घडणीची. जिथे फक्त आजोबांची बदलली तिथे पायरी उंच आहे किंवा सिग्नल अपुरा आहे. जिथे फक्त बाईची बदलली तिथे दिवा नाही, किंवा आहे तो चुकीच्या माणसांवर पडतो.

वेळेबद्दल थोडं. एक वाट एकदाच चालून काही कळत नाही. तीच वाट रविवारी सकाळी सातला आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला चाला, दिशाही एकदा उलटी करा. उरलेलं सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदलली म्हणजे कशामुळे काय झालं ते सुटं करता येतं. फोन खिशात ठेवा, रस्ता अगदीच चुकला तर काढा. मुंबईत डिसेंबर ते फेब्रुवारी सोपे. पावसाच्या सरी भटकंतीला पोषकच असतात असं दबोरने लिहिलं आहे, पण सततच्या पावसाचा त्यालाही अपवाद करावा लागला होता; जुलैतली मुंबई पाहिली असती तर परिच्छेद वाढला असता. पुणेकरांना एक आयती संधी आहे. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवला जातो. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी त्याच पट्ट्यात चालून नोंदी करा. दुकानं तीच, माणसं तीच, फक्त वाहनं वजा. अ‍ॅपलयार्डला तीन रस्ते शोधावे लागले, इथे एकाच रस्त्यावर ते जमतं.

या नोंदींचं पुढे काय करायचं? पहिला उपयोग घरचा. स्टेशनापर्यंतचे दोन रस्ते असतील आणि एकाला चार मिनिटं जास्त लागत असतील, तर आठवडाभर लांबचा घेऊन पाहा. घर विकत किंवा भाड्याने घेताना स्टेशनापासून त्या इमारतीपर्यंत रात्री नऊला चाला, आणि घरातलं जे माणूस त्या वेळी रोज परतणार आहे त्यालाच सोबत न्या. बिल्डरच्या गाडीतून जाऊन हे कळत नाही. दुसरा उपयोग वॉर्ड ऑफिसातला. फोर्टचा भाग 'ए' वॉर्डात, काळबादेवी 'सी'त, गिरगाव 'डी'त. तिथे 'फूटपाथ खराब आहे' असा अर्ज दिला तर त्याचं काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. त्याऐवजी कुठल्या दुकानापासून कुठल्या दुकानापर्यंत मोकळी वाट १.८ मीटरपेक्षा कमी आहे, किती वाजता चाललात, किती जणांना रस्त्यावर उतरावं लागलं आणि त्यांत म्हातारी माणसं किती होती, हे टेपने मोजून, तारीख घालून लिहा. फोटो जोडा, चौघांचे नकाशे जोडा, पोच घ्या. त्या पोचेवरचा क्रमांक घेऊन महिन्याभराने तीच वाट पुन्हा चाला.